वाचलेले समजते कसे?

परीक्षेत एखादा उतारा देऊन त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहिण्यास सांगतात. उताऱ्यातील प्रत्येक शब्द विद्यार्थ्याला वाचता येतो. तरीही पुष्कळदा उत्तर चुकते. असे का व्हावे?

पुढील वाक्य पाहा : 'पाठलाग करणारा गडी खांब गाठण्यापूर्वीच मागे वळला आणि पंचांनी शिट्टी वाजवली.' ह्यात एकही कठीण शब्द नाही. परंतु शिट्टी का वाजली, हे वाक्यात सांगितलेले नाही. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली म्हणजे खांबापर्यंत गेल्यावाचून त्याला उलट फिरता येत नाही. हा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला गड्याची चूक तत्काळ उमगते. इतरांना ती उमगत नाही. लेखक सर्वच गोष्टी उकलून सांगत नाही. काही जागा तो मोकळ्या ठेवतो आणि वाचक त्या आपल्या पूर्वज्ञानाने भरून काढतो. आकलन होते ते अशा रीतीने.

डॉना रेक्ट व लॉरेन लेस्ली ह्या अमेरिकेतील दोन विदुषींनी ह्याविषयी केलेला प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. बेसबॉल हा तिकडे चेंडू व दांडू घेऊन खेळला जाणारा लोकप्रिय खेळ आहे. त्या खेळाचे वर्णन त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना वाचावयास दिले. त्यांपैकी काही वाचनात तरबेज होते, तर काही मागे होते. आणि दोहोंतही खेळाचे जाणकार होते, तसेच अनभिज्ञही होते. वाचून झाल्यावर मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी बाहुल्या हलवून प्रत्येकाने तो खेळ दाखवावयाचा होता. वाचनात मागे असलेले, परंतु खेळ जाणणारे विद्यार्थी ह्या कामी वाचनात तरबेज, परंतु खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले!

म्हणून एखाद्या उताऱ्याचे उत्तर चुकले, तर कोणी स्वतःस मंदबुद्धी समजू नये व दुसऱ्यासही तसे हिणवू नये. कदाचित त्या विषयाशी त्याचा परिचयच झालेला नसेल; आणि परिचय तर करून घेता येतो.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्याने प्रश्नांचे स्वरूप कळते व वेळेचा अंदाज येतो. पण पुढचा उतारा मधमाशीवर असेल, किल्ल्यावर असेल की धरणावर, हे आधी कोणास सांगता येणार? ज्याने विविध विषयांची पुस्तके वाचली, शेतात, बाजारात, कारखान्यात डोळे उघडे ठेवले आणि न कळलेले विचारून घेतले, त्याला नवा उतारा सहसा परका वाटत नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. पूर्वज्ञान उतारा समजून घेण्यासाठी आहे, उताऱ्याला बाजूस सारण्यासाठी नव्हे. उत्तर लिहून झाल्यावर 'ह्याला उताऱ्यात आधार कोठे आहे?' असे स्वतःस विचारावे व ती ओळ पुन्हा वाचावी. आधार सापडला, तर उत्तर बहुधा बरोबर असते.