खंडविजेत्यांच्या लढती आणि आपण

खंडविजेत्यांच्या फुटबॉल स्पर्धांवर मराठीत लेख आला की तो युरोपात सुरू होतो आणि दक्षिण अमेरिकेत संपतो. १९६० चा इंटरकॉन्टिनेन्टल चषक, १९६२ आणि १९६३ मध्ये पेलेच्या सांतोसने मिळवलेला विजय, १९६७ ची सेल्टिक आणि रासिंगची हाणामारी, १९८० पासून टोकियोत भरलेले सामने. हे सारे वाचकांना पाठ आहे, त्यामुळे मी ते उगाळत नाही. आशिया-आफ्रिकेच्या लढतींना ‘किरकोळ’ म्हणून एका ओळीत गुंडाळणाऱ्या मंडळींशी मात्र माझे जुने भांडण आहे, आणि ते या दिवाळीतही मिटलेले नाही.

राष्ट्रीय संघांपुरते आधी पाहू. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांच्या लढतीत १९८५ मध्ये पॅरिसला फ्रान्सने उरुग्वेला २-० हरवले आणि १९९३ मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्कला टायब्रेकरमध्ये. हाच सामना २०२२ मध्ये ‘फिनालिसिमा’ या नावाने परतला आणि वेम्बलीवर अर्जेंटिनाने इटलीला ३-० ने लोळवले. दरम्यान सौदी अरेबियाने १९९२ मध्ये किंग फहद चषक सुरू केला. १९९७ पासून फिफाने तो ताब्यात घेऊन त्याचा कॉन्फेडरेशन्स चषक केला. ब्राझीलने तो चार वेळा नेला, फ्रान्सने दोनदा. २००३ मध्ये उपांत्य सामना चालू असतानाच कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए कोसळला आणि गेला. २०१७ मध्ये जर्मनी जिंकला आणि त्यानंतर फिफाने स्पर्धाच मोडीत काढली.

या स्पर्धेतला माझा आवडता संघ २०१३ चा ताहिती. ओशनियाचे हे विजेते बहुतेक हौशी खेळाडू होते. पहिल्याच सामन्यात नायजेरियाने त्यांना ६-१ हरवले. पण जोनाथन तेहाऊने कॉर्नरवर डोक्याने गोल केला, तेव्हा सगळ्यांनी मिळून होडी वल्हवल्याचा अभिनय केला आणि ब्राझीलच्या प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले. पुढे माराकानावर स्पेनकडून दहा गोल खाऊनही टाळ्या ताहितीलाच पडल्या. ‘असले संघ बोलावून दर्जा घसरतो’ असे तेव्हा एका जाणकाराने लिहिले होते. विजेता कोणत्या खंडाचा यावर त्याची जागा ठरत असेल, तर ओशनियाच्या विजेत्याला दारात का थांबवायचे?

आता माझा विषय. आशिया आणि आफ्रिकेच्या विजेत्यांमधला आफ्रो-आशियाई राष्ट्र चषक १९७८ मध्ये इराण आणि घाना यांच्यात सुरू झाला. आशियाच्या बाजूने कधी आशिया चषकाचा विजेता उतरे, कधी एशियाडचा. १९८५ मध्ये कॅमेरूनने सौदीला हरवले, १९९१ मध्ये अल्जीरियाने परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर इराणला मागे टाकले, १९९३ मध्ये जपानने आयव्हरी कोस्टला, १९९५ मध्ये नायजेरियाने उझबेकिस्तानला. मग जुलै २००० मध्ये २००६ च्या विश्वचषकाचे यजमानपद ठरवताना आशियाच्या प्रतिनिधींनी दक्षिण आफ्रिकेला डावलून जर्मनीला मत दिले. जर्मनी १२-११ ने जिंकला. आफ्रिकेने संतापून आशियाशी ही लढतच तोडली. तो संताप मला आजही रास्त वाटतो.

एशियाडचा विजेता म्हटले की आम्हा बिदर-गुलबर्ग्याकडच्या जुन्या माणसांना १९६२ आठवते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानाचे, नंतर हैदराबाद राज्याचे. भालकीत मराठी बोला, आळंदमध्ये कानडी बोला, फुटबॉल मात्र हैदराबादचा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना आमच्याकडे सगळे रहीमसाहेबच म्हणत. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईकरांनी त्या संघाची जमिनीलगतच्या छोट्या पासची घडी तिथेच पाहिली. चेंडू थांबवायचा नाही, पास दिला की स्वतः रिकाम्या जागेत पळायचे.

१९६२ च्या एशियाडमध्ये जकार्ताला रहीमसाहेबांचाच भारत पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला होता. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर तोच कोरिया. इस्रायल आणि तैवानला बोलावले नाही यावर भारतीय प्रतिनिधीने आक्षेप घेतल्याने वाद पेटलेला, भरगच्च स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होते. आधीच्या सामन्यात डोके फुटून टाके पडलेल्या जर्नैलसिंगला रहीमसाहेबांनी बचावातून काढून आघाडीवर उभे केले. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, जर्नैलने दुसरा, तोही टाके असलेल्या डोक्याने. २-१. गोलात हैदराबादचा थंगराज, मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनातो फ्रँको. पाकिस्तानचे हॉकीपटू स्टँडमध्ये बसून आपल्याला ओरडून पाठिंबा देत होते.

त्याच वर्षी जानेवारीत अदिस अबाबाला इथिओपियाने जादा वेळेत इजिप्तला ४-२ हरवून आफ्रिकेचे जेतेपद घेतले होते. म्हणजे पुढे १९७८ मध्ये जो चषक निघाला तो सोळा वर्षे आधी निघता, तर पहिला सामना भारत आणि इथिओपिया यांचा झाला असता. १९६३ च्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले. त्यानंतर भारताला एशियाडमध्ये फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही.

हैदराबादने आफ्रिका पाहिली ती २००३ मध्ये, आफ्रो-आशियाई खेळांत. उपांत्य सामन्यात भारताने झिंबाब्वेला ५-३ हरवले. आय. एम. विजयन त्या स्पर्धेत पोरासारखा खेळला. अंतिम फेरीत उझबेकिस्तानने एका गोलने सुवर्ण नेले. त्या स्पर्धेची दुसरी खेप झाली नाही.

रोव्हर्स चषक २००१ नंतर बंद पडला. हैदराबाद एफसीने २०२२ मध्ये फातोर्ड्याला आयएसएल जिंकली, लक्ष्मीकांत कट्टीमणीने टायब्रेकरमध्ये तीन फटके अडवले, आणि तीनच वर्षांत तो क्लब दिल्लीला गेला. रहीमसाहेबांच्या शहरात आज आयएसएलचा संघ नाही. बिदरच्या पोरांना एमबापेचे सगळे गोल ठाऊक आहेत, पण थंगराज कोण हे सांगावे लागते. म्हणून फिफाने ३२ क्लबांचा नवा तमाशा २०२५ मध्ये अमेरिकेत मांडला त्यावर मी लिहिणार नाही. आशिया आणि आफ्रिकेच्या विजेत्यांचा सामना पुन्हा सुरू करा, आणि पहिला हैदराबादला, लालबहादूर स्टेडियमवर ठेवा. आमच्याकडची माणसे जहीराबादमार्गे एसटी भरून येतील.