चाकांवरचा संसार आणि मध्यमवर्गाचे गणित

पर्यटन हा आता केवळ श्रीमंतांचा विलास राहिलेला नाही, हे विधान आपण वारंवार ऐकतो. तथापि शिक्षक वा कारकून असलेल्या कुटुंबप्रमुखाने चौघांना घेऊन चार दिवस कोकणात जायचे म्हटले, की खर्चाचा मोठा वाटा समुद्र पाहण्यावर नव्हे, तर रात्री पाठ टेकण्यावर पडतो. मोटारीमागे जोडून न्यायचा छोटा ट्रेलर आणि मुक्कामी उभारायचा तंबू हे या अडचणीवरील एक साधे उत्तर आहे. आपल्याकडे त्याचा पुरेशा गांभीर्याने विचार झालेला नाही.

ही कल्पना नवी नव्हे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी ब्रिटनमध्ये ‘वाँडरर’ नावाचे, दोन घोड्यांनी ओढायचे फिरते घर बांधून घेतले. केवळ हौसेच्या भ्रमंतीसाठी बांधलेले ते पहिले वाहन मानले जाते. त्याचे वजन सुमारे दोन टन होते. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली; मूळ प्रश्न मात्र तोच राहिला. ओढणाऱ्याची ताकद किती आणि मागचे ओझे किती?

ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत दिले आहे. एकूण भार ७५० किलोहून अधिक असेल, तर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा भार मोटारीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा अधिक असता कामा नये. ब्रेक असला, तरी नवशिक्याने ८५ टक्क्यांची मर्यादा ओलांडू नये, असा तेथील जाणत्यांचा सल्ला आहे. हेच गणित आपल्या लहान मोटारीला लावून पाहावे. मोटार ९०० किलोची असेल, तर बिनब्रेकचा ट्रेलर सामानासह ४५० किलोच्या आत हवा. रिकामा ट्रेलर २५० किलोचा धरला, तर तंबू, अंथरुणे, शेगडी आणि पाणी यांसाठी २०० किलो उरतात. चाळीस लिटर पाण्याचेच चाळीस किलो होतात, हे गृहिणीला सांगावे लागत नाही. उत्साही यजमानाला मात्र सांगावे लागते! अर्थात मोटारीच्या उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच अंतिम. आणि पुस्तिकेत ओढण्याची क्षमताच दिलेली नसेल, तर ती नाही असे समजणे शहाणपणाचे.

वजनाइतकेच महत्त्व त्याच्या मांडणीला आहे. जड सामान चाकांच्या आसावर व तळाशी ठेवावे. एकूण भाराच्या पाच ते सात टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे २२ ते ३२ किलो, जोडणीच्या टोकावर यावेत. मागे भार अधिक झाला, तर वेग वाढताच ट्रेलर सापासारखा डोलू लागतो. अशा वेळी जोराचा ब्रेक मारणे वा चाक झटक्याने वळवणे घातक ठरते. चाक स्थिर धरून वेग हळूहळू उतरू द्यावा. घाट उतरताना आधीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे सारा ताण ब्रेकवर येत नाही.

ट्रेलर बेपर्वाईने ओढण्याचे परिणाम महाराष्ट्राला नवे नाहीत. गळीत हंगामात मागे दिवे नसलेल्या, उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या रात्रीच्या रस्त्यावर किती संसार उद्ध्वस्त करतात, हे आपण जाणतो. तोच निष्काळजीपणा सहलीच्या नावाखाली मोटारीमागे जोडला जाऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे; तेव्हा कोपऱ्यावरच्या वर्कशॉपात जोडून घेतलेला सांगाडा नोंदणीवाचून रस्त्यावर आणण्याची सोय कोणीच समजू नये.

आता अर्थशास्त्राकडे वळू. वर्षातून वीस दिवस वापरली जाणारी वस्तू उरलेले ३४५ दिवस जागा अडवते, गंजते आणि गुंतलेल्या पैशावरचे व्याज खाते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने ट्रेलर विकत घेणे हा मार्ग नव्हे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या या राज्यात शिक्षकांच्या वा कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थांनी चार-सहा ट्रेलर घेऊन सभासदांना पाळीपाळीने भाड्याने का देऊ नयेत? स्थिर खर्च अनेकांत वाटला गेला, की चैनीची वस्तू सोयीची होते. शिवाय देखभाल आणि चालकाचे प्रशिक्षण एकाच ठिकाणी होईल.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात वाहनांबरोबर कॅराव्हॅन उद्यानांचाही विचार आहे. कॅराव्हॅन म्हटले की गाद्या-पंख्यांनी सजलेली भली मोठी गाडी डोळ्यांसमोर येते. पण सर्वसामान्यांची गरज वेगळी आहे: सपाट, सुरक्षित जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय आणि सांडपाण्याची व्यवस्था. एवढी सोय एखाद्या ग्रामपंचायतीने केली, तर मुक्कामाचे भाडे आणि दूध-भाजीचा पैसा गावातच राहील. ती न करता गाड्या आल्या, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा येईल.

धोरणाचे यश रस्त्यावर किती आलिशान गाड्या धावल्या यावर मोजू नये. मर्यादित पगाराच्या किती कुटुंबांना आपला प्रदेश सुरक्षितपणे आणि ऋण न काढता पाहता आला, हेच त्याचे खरे माप होय.