दोन्ही बाजूंना छापा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा इंदूरच्या एखाद्या किराणा दुकानात सुटे पैसे परत मिळतात, तेव्हा ते मोजून खिशात टाकण्यापलीकडे त्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. घरी आल्यावर मात्र क्वचित एखादे नाणे चमत्कारिक निघते. एका बाजूला अशोकस्तंभावरील सिंह, आणि उलटून पाहावे तर तेथेही सिंहच! मग घरात वाद सुरू होतो. एकाचे म्हणणे, ही टांकसाळीची चूक असून हिचे लाखो रुपये येतील. दुसऱ्याचे म्हणणे, नाणे खोटे आहे, ते मुकाट्याने कोणाच्या तरी गळ्यात मारावे. वास्तविक या दोन्ही तर्कांत तथ्य नसण्याचाच संभव अधिक. ते नाणे बहुधा दोन अस्सल नाण्यांपासून कोणा कसबी कारागिराने गमतीखातर तयार केलेले असते.

१९७५ साली प्रदर्शित झालेल्या 'शोले' या चित्रपटातील जयचे नाणे याच जातीचे. छापा-काटा करताना तो कधी फसत नाही, याचे रहस्य वीरूला अगदी अखेरीस कळते. जादूगारांच्या पोतडीतही अशी नाणी असतात. ती करण्याची रीत समजून घेतली की ओळखण्याची रीत निराळी शिकावी लागत नाही. लेथ यंत्रावर एका नाण्याची एक बाजू कोरून काढतात, पण भोवतालची कड शाबूत ठेवतात. म्हणजे त्या नाण्याची एक लहानशी उथळ ताटली होते. दुसऱ्या नाण्याची कड उतरवून ते पातळ करतात आणि त्या ताटलीत घट्ट बसवितात.

सर्वसामान्य मनुष्य अशा नाण्याचा सांधा शोधण्यासाठी त्याच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवितो. तेथे काहीच लागत नाही, आणि नाणे निर्दोष असल्याची त्याची खात्री पटते! परंतु बाहेरची सबंध कड एकाच नाण्याची असल्यामुळे तेथे सांधा सापडणार तरी कसा? तो असतो आतल्या अंगाला. उंच कड जेथे संपते आणि सपाट भाग सुरू होतो, नेमक्या त्या कोपऱ्यात केसासारखी बारीक वर्तुळाकार रेघ दिसते, आणि तीही एकाच बाजूस. भिंग घेऊन, खिडकीपाशी नाणे तिरपे धरून पाहावे. मग ते फरशीवर टाकून आवाज ऐकावा. अखंड नाणे खणखणते. जोडलेले बहुधा बद्द वाजते. तरीही संशय राहिला तर सोनाराच्या काट्यावर वजन करावे. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅम, दोनचे ४.८५ आणि पाचचे ६ ग्रॅम भरते. मात्र कुशल कारागीर वजनही जमवून आणतो, म्हणून काट्यापेक्षा भिंगावर अधिक विश्वास ठेवणे बरे.

टांकसाळ कधी चुकत नाही असे मुळीच नव्हे. अमेरिकेत २००० साली पाव डॉलरचा छापा आणि पूर्ण डॉलरचा काटा एकाच नाण्यावर उमटला होता. परंतु अशा नाण्याचा धातू एकसंध असतो. त्यावर सांध्याची रेघ सापडत नाही.

तांब्याच्या रंगाचा रुपया मिळाला तर लोहचुंबक लावून पाहावा. १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. तांब्याचे नाणे चिकटत नाही. लाल दिसूनही जो चिकटतो त्यावर केवळ मुलामा आहे, आणि सिंहाच्या आयाळीवर तो आधी झिजून खालचा पांढरा धातू डोकावू लागतो. भोक पाडलेल्या नाण्यांविषयी एक सावधगिरी हवी. १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा टांकसाळीनेच तसा पाडला होता. त्याची अक्षरे भोकाभोवती नीट मांडलेली आहेत. हाताने पाडलेले भोक अक्षरे कापीत जाते.

या संशयाचा फटका प्रत्यक्षात बसतो तो अस्सल नाण्यांना. दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह नाही म्हणून ते खोटे, ही अफवा इतकी पसरली की भाजीवाल्या बायकांनी दिवसभराच्या कमाईत घेतलेली नाणी दुसऱ्या दिवशी घाऊक व्यापारी स्वीकारीनात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाची नाणी तोवर चौदा निरनिराळ्या नमुन्यांत निघाली असून ती सर्व ग्राह्य आहेत. रुपयाचे चिन्ह नाण्यांवर आले तेच मुळी २०११ साली. सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून नाणे नाकारणे, हाही तसाच गैरसमज. मुंबईची खूण चौकोनी हिऱ्याची, हैदराबादची ताऱ्याची, नोएडाची ठिपक्याची. कोलकात्याच्या नाण्यावर मात्र खूणच नसते.

कोरून जोडलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे विद्रूप केलेले नाणे चलन म्हणून ग्राह्य धरले जात नाही. तेव्हा ते दुकानदाराच्या गल्ल्यात किंवा चर्चच्या दानपेटीत न सरकवता मुलांना भिंगाखाली पाहावयास द्यावे. त्यांना सांधा वडीलधाऱ्यांच्या आधी सापडतो.