राजवधूच्या मस्तकावर

मराठी राजवधूने मुकुट घालावा का, हा प्रश्न आमच्या पिढीत कुणी विचारत नसे. आता तो दर लग्नसराईत माझ्या दारी येतो. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि दागिन्यांचा विषय निघाला की कुणी ना कुणी माझे नाव सुचवते. भाड्याने दागिने देणाऱ्याकडे ‘राणी सेट’ मागितला की अमेरिकन डायमंडचा टियारा पुढे येतो. सोबत त्याच नक्षीचा हार, त्याच नक्षीचे कानातले, त्याच नक्षीच्या बांगड्या. मुलीची आई विचारते, “काका, हे आपल्याकडचं आहे ना?” मी गेली कित्येक वर्षे एकच उत्तर देत आलो आहे. ते आपल्याकडचे नाही, आणि आपल्याकडचे त्याहून सरस आहे.

टियारा हा उघड्या डोक्याचा दागिना. युरोपातली दरबारी स्त्री केस वर बांधून, मान मोकळी ठेवून सभेत येई. टियाऱ्याचे कडे तिच्या केसांत रुतवून बसवलेले असे. मराठी राजस्त्रीच्या डोक्यावर पदर. त्या पदराखाली टियारा घातला तर वर तंबू उभा राहतो, आणि पदरावर घातला तर तो पहिल्या नमस्कारालाच पुढे घसरतो. म्हणून आमच्या कारागिरांनी मस्तकाची विभागणी केली. पदरावरून बांधायच्या मुंडावळ्या आणि बाशिंग. पदराच्या काठाखालून कपाळावर डोकावणारा बिंदी-बिजवरा. आणि मागे अंबाड्यावर मूद, राखडी, केतक, चंद्रकोर. पदर घेतला की मागचे सगळे झाकले जाई, तरीही ते तितक्याच निगुतीने घडवले जाई. मराठी दागिन्यांवर लिहिणारे बहुतेक जण गळ्यापासून सुरुवात करतात. त्यांच्याशी माझे जुने भांडण आहे ते याच कारणाने.

दुसरे भांडण मुकुटवाल्यांशी. राजस्त्रिया मुकुट घालत असत, असे सांगणारा एक वर्ग आहे. पुरावा म्हणून ते देवीच्या मूर्ती दाखवतात. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी यांच्या अंगावर राजघराण्यांनी दागिने चढवले, हे खरे. तुळजाभवानीच्या खजिन्यातली मोहरांची माळ शिवछत्रपतींनी वाहिली अशी परंपराच आहे. पण देवीला वाहिले ते देवीचे झाले. त्यावरून राणीच्या डोक्यावर काय होते हे ठरत नाही. १६७४ साली रायगडावर सोयराबाईंना पट्टराणी म्हणून महाराजांशेजारी बसवले, तेव्हा त्यांच्या मस्तकावर मालिकांतला सोनेरी मुकुट ठेवणाऱ्यांनी समकालीन आधार दाखवावा. मी वाट पाहतो आहे.

पेशवाईबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर उदंड लिहिले गेले आहे. १७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले. त्या लग्नाच्या व्यवस्थेची नाना फडणविसांची यादी प्रसिद्धच आहे. मात्र प्रत्येक मराठी दागिन्याला ‘पेशवाई’ म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. कोल्हापुरी साज पेशवाई नाही. पुतळ्यांची माळ आणि वज्रटीक ही मावळातल्या पाटलिणीच्या गळ्यातही होती. २०१५ साली बाजीरावावरचा हिंदी चित्रपट आल्यानंतर नथीला बरे दिवस आले, याचा आनंद आहे. पण त्याबरोबर सगळा इतिहास शनिवारवाड्यात कोंडला गेला.

बडोद्याकडे मात्र थांबायला हवे, कारण दागिन्यांचा मोठा खजिना तिथला. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला १२८ कॅरटचा ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा गायकवाडांनी विकत घेतला. खंडेरावांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला. बडोद्याच्या सात पदरी मोत्यांच्या हारातून पुढे दोन पदरांचा कंठा झाला. त्यातले ६८ मोती २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात एकाहत्तर लाख डॉलरला गेले. पण त्याच घराण्यातले सयाजीराव १९११च्या दिल्ली दरबारात अंगावरचे दागिने उतरवून पंचम जॉर्जसमोर गेले आणि त्यावरून गदारोळ झाला. त्या दरबारासाठी राणी मेरीकरिता लंडनच्या गॅरार्डने खास टियारा घडवला होता. एकाच मांडवाखाली एक राणी मुद्दाम घडवलेला टियारा घालून बसलेली आणि एक राजा दागिन्यांशिवाय उभा. दागिना घालणे आणि न घालणे, दोन्ही बोलते, हे सयाजीरावांना नीट ठाऊक होते.

सयाजीरावांच्या कन्या इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेले लग्न त्यांनी मोडले आणि १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केले. माधवरावांच्या घरी मग गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजे आल्या. १९४१ साली त्यांचे पुत्र जिवाजीराव यांची वधू म्हणून सागरच्या लेखा दिव्येश्वरी आल्या आणि विजयाराजे झाल्या. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून नासपतीच्या आकाराच्या हिऱ्यांची प्रसिद्ध जोडी घेतली. त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्या काळात ती मोबूसाँ या जवाहिऱ्याकडे नव्या कोंदणात गेली आणि १९४६ साली हॅरी विन्स्टनला विकली गेली. बडोद्याच्या सीतादेवींनी १९५३ साली विकलेल्या पाचूच्या पैंजणांतून विन्स्टनने हार केला आणि तो डचेस ऑफ विंडसरच्या गळ्यात गेला. सोने कमरेच्या खाली घालू नये हा आपल्या घरांतला दंडक. तो फक्त राजघराण्यांना लागू नव्हता, म्हणून ते पैंजण मुळात घडले.

हे सगळे चकचकीत आहे, पण वधूला काय घालावे हे त्यातून कळत नाही. ते कळते तंजावुरातून. आणि आमच्या बेंगळुरूच्या मराठी माणसाला तंजावूर परके नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून हे शहर घेतले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत दिले. पुढे शहाजींचे पुत्र व्यंकोजी तंजावूरच्या गादीवर गेले. १६८७ साली मोगलांनी बेंगळुरू घेऊन तीन लाखांना चिक्कदेवराज वडेयारांना दिले. शहाजींच्या घरातला मराठी संसार असा दक्षिणेला सरकला आणि तिथे दागिन्यांचा एक वेगळाच मेळ बसला. गळ्यात मराठी ठुशी, चिंचपेटी आणि तन्मणी, नाकात नथ, आणि डोक्यावर तमिळ राक्कोडी म्हणजे आपलीच राखडी, भांगाच्या एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, वेणीभर उतरत गेलेला नाग.

तंजावूरच्या भोसल्यांनी भरतनाट्यमला आश्रय दिला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ सरफोजींच्या दरबारातले. ती नृत्यपरंपरा टिकली म्हणून डोक्याचे हे दागिने टिकले. आमच्या एचएसआरमध्ये संध्याकाळी नृत्यवर्गांतून पायांचा ताल ऐकू येतो. तिथल्या मुली अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाला, जे सूर्य-चंद्र लावतात, त्यांच्याकडे मराठी आयांनी जरा निरखून पाहावे, असे मी नेहमी सांगतो. मराठी राजवधूचा मस्तकालंकार रोज डोळ्यांसमोर आहे आणि आपण टियाऱ्याचे भाडे भरतो.

तंजावूरची लेक बडोद्याची राणी झाली, ही या कहाणीतली माझी सर्वांत आवडती घटना. १८८० साली सयाजीरावांचे लग्न तंजावूरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झाले. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावुरी नर्तकींचा आणि वादकांचा ताफा बडोद्याला गेला. राजा रविवर्म्याने त्यांना चितारले. १८८५ साली, फार लवकर, त्या गेल्या आणि मग देवासच्या घाटग्यांकडच्या दुसऱ्या चिमणाबाई आल्या. पहिल्या चिमणाबाई दीर्घायुषी झाल्या असत्या तर दक्षिणी राखडी बडोद्यामार्गे सगळ्या मराठी घरांत रुळली असती, असे माझे ठाम मत आहे. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकानेही राखडी हातात धरलेली नाही.

मी धरली आहे. बेंगळुरूतल्या एका तंजावुरी मराठी घरात ती होती. तळहातात मावेल एवढी गोल. मधोमध तांबड्या खड्यांचे कमळ, त्याभोवती पाचूच्या रंगाची पाने, कडेने मोत्यांची बारीक झालर. पाठ सोन्याच्या पत्र्याने बंद, आत लाख भरलेली. मागे दोन कड्या, त्यांतून काळा गोफ ओवून ती अंबाड्यावर बांधायची. खडे कोंदणात लाखेवर बसवलेले, खाली सोन्याचा वर्ख. त्यामुळे उजेड मागून न येताही खडा आतून पेटलेला दिसतो. मालकीणबाईंनी हौसेने ती सफाईसाठी एका आधुनिक दुकानात दिली. तिथे गरम पाण्याच्या यंत्रात घातली आणि लाख मऊ होऊन तीन खडे निखळले. बंद पाठीच्या दागिन्याला गरम पाणी, साबण, कंपनाचे यंत्र यांतले काहीच लावू नये. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे, बस्स. मोत्यांनाही हाच नियम; शिवाय अत्तर आणि पावडर आधी, मोती सर्वांत शेवटी.

तंजावूरच्या दागिन्यांवर सरकारची नजर पडली ती १८५५ साली. तिथले भोसले राजे शिवाजी पुत्राविना वारले, कंपनीने राज्य खालसा केले आणि राण्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या न्यायालयात जिंकल्या. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला, राज्यकृत्यात आपण हात घालू शकत नाही म्हणून. १८६२ साली सरकारने मेहेरबानी म्हणून मालमत्ता राण्यांना परत दिली. नागपूरकर भोसल्यांच्या राण्यांना तेवढेही मिळाले नाही. त्यांचे जवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले. आज आपल्याला जुन्या राजवधूचा एक अख्खा जोड का दिसत नाही, याचे उत्तर अशा कागदांत आहे.

उरलेले स्वातंत्र्यानंतर गेले. जानेवारी १९६३च्या सुवर्ण नियंत्रण आदेशाने नवे दागिने चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी आली. चौदा कॅरटचे सोने कडक; जाळीकाम, ठुशीचे बारीक मणी, राखडीचे कोंदण त्यात जमत नाही. सोनारांची हजारो घरे उघड्यावर आली. १९६८चा कायदा १९९० पर्यंत राहिला. १९७१ साली तनखे बंद झाले आणि संस्थानिकांच्या कपाटांतली राखडी, मूद, केतक वितळायला निघाली. गळ्यातले हार राहिले, कारण ते विकताना किंमत येई; डोक्यावरचे दागिने हलके आणि लाखभरले, म्हणून ते आधी वितळले. सोने आटवण्याच्या धंद्यात विटे, खानापूर, आटपाडीकडची आपलीच गलाईवाली माणसे देशभर पसरली. त्यांच्यात बसून जुन्या दागिन्यांच्या गोष्टी ऐकाव्यात. भट्टीत काय काय गेले ते त्यांना ठाऊक आहे, आणि सांगताना त्यांचाही आवाज जड होतो.

आता निवड. गेल्या हंगामात आमच्या सेक्टरमधल्या एका मुलीचे लग्न जुन्या सरदार घराण्यात ठरले. सासरकडून गळ्यातले येणार होते: तन्मणी आणि मोत्यांचा लफ्फा. आजीने मला बोलावले. मुलीला टियारा हवा होता, आणि तिच्या हौसेला दोष देण्यात अर्थ नाही. तिला दुसरे काही कुणी दाखवलेच नव्हते. मी आधी तिला नऊवारी नेसवून, डोक्यावर पदर घेऊन बसवायला सांगितले. दागिने पदराशिवाय निवडले की फसगत होते. पदराचा काठ कपाळावर कुठे येतो ते पाहिले. मग नथ. नाक टोचलेले होते, म्हणून दाबाची घ्यावी लागली नाही. मध्ये तांबडा खडा आणि भोवती मोती, ओठांना न टेकणारी. नथ ठरली की चेहऱ्याचा तोल ठरतो. तिचा चेहरा लांबट, म्हणून बिजवरा रुंद आणि ठेंगणा. उभा लोंबता बिजवरा चेहरा आणखी लांब करतो.

सगळे एकाच नक्षीचे असावे हा आग्रह मी मोडून काढतो. जुन्या घरांत दागिने वेगवेगळ्या पिढ्यांतून, वेगवेगळ्या गावांहून आलेले असत. त्यांना बांधणारा धागा म्हणजे रंग. मोत्याचा पांढरा, त्यात तांबडा किंवा हिरवा, दोन्हींतला एकच ठळक. तन्मणीच्या पदकात हिरवा होता, म्हणून राखडीत तांबडे नको म्हटले. हातात पाटल्या, तोडे आणि मध्ये हिरवा चुडा. चुड्याच्या काचेला सोन्याची घासण लागू नये म्हणून तोडे पुढे. पायात हुपरीच्या चांदीच्या साखळ्या आणि जोडवी.

खरी अडचण स्वागतसमारंभाची. मुंडावळ्या विधींपुरत्या असतात, लग्न लागले की उतरतात. मग संध्याकाळी डोक्यावर काय? याच पोकळीत टियारा शिरला आहे. त्या मुलीसाठी आम्ही नगरथपेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याला मूद हा शब्द माहीत नव्हता, पण चित्र दाखवताच त्याने कानडीत तिचे नाव सांगितले आणि फळीवरून आजोबांच्या वेळचा पितळी साचा काढला. चांदीवर सोन्याचा मुलामा, हिरवे खडे, कडेने मोती. संध्याकाळी पदर खांद्यावर, केसांचा खोपा, खोप्यावर मूद आणि कपाळावर सकाळचाच बिजवरा. त्या कारागिराकडे त्यानंतर आमच्याच लेआउटमधून आणखी दोन मुदींची मागणी गेली आहे, आणि एकीच्या आईने सोबत राखडीचेही माप दिले आहे.