विमान मेकॅनिकची पुस्तकं: आधी अभ्यासक्रम, मग खरेदी



नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीची केंद्रं आहेत. त्यामुळे कळंबसारख्या गावातही बारावी सायन्सची मुलं या लाइनची चौकशी करतात. तुम्ही अभ्यासिका किंवा पुस्तकांचं दुकान काढणार असाल, तर हे गिऱ्हाईक थोडं, पण नेमकं आहे. मात्र पुस्तकं महाग असतात. चुकीची घेतली तर तुमचं भांडवल कपाटात अडकतं आणि मुलाचा वेळ वाया जातो. म्हणून पाच गोष्टी लक्षात ठेवा.

१) आधी कॅटेगरी विचारा. लायसन्स डीजीसीए देतं आणि त्याचा नियम आहे सीएआर-६६. बी१ म्हणजे मुख्यतः ढाचा आणि इंजिन, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. अभ्यासक्रम मॉड्यूलमध्ये विभागलाय. मॉड्यूल १५ गॅस टर्बाइन इंजिनचं, १६ पिस्टन इंजिनचं. जेट विमानांकडे जाणाऱ्या मुलाला १६ ची गरज नसते. त्यामुळे 'पूर्ण सेट' डोळे झाकून घेऊ नका.

२) लेव्हल बघा. अभ्यासक्रमात प्रत्येक विषयापुढे १, २ किंवा ३ लिहिलेलं असतं. १ म्हणजे तोंडओळख, ३ म्हणजे सखोल. हे आकडे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलने लिहा. कुठे किती वेळ द्यायचा ते लगेच कळतं.

३) फुकटचं आधी घ्या. अमेरिकेच्या एफएए या संस्थेची जनरल, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट ही तीन हँडबुकं तिच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. चित्रं भरपूर आहेत, पाया पक्का होतो. पण कायदा अमेरिकेचा आणि मापं बरीचशी इंच-पौंडात, हे मुलांना सांगून ठेवा.

४) कायद्याचं पुस्तक ताजंच हवं. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मॉड्यूल १० कायद्याचंच आहे, तिथे जुनी आवृत्ती चालणार नाही. गणित-भौतिकशास्त्राचं सेकंडहँड पुस्तक मात्र खुशाल घ्या.

५) पुस्तक शिकायला, मॅन्युअल कामाला. बोल्ट किती आवळायचा, हा आकडा पाठ्यपुस्तकातून घ्यायचा नाही. तो त्या विमानाच्या चालू मेंटेनन्स मॅन्युअलमधूनच घ्यायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे, कारण विमानात माणसं बसतात.

आता धंद्याचं गणित. सुरुवातीला एकच सेट घ्या आणि अभ्यासिकेत बसून वाचायला ठेवा. मागणी दिसली की दुसरा घ्या. विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढून विकू नका, तो कॉपीराइटचा भंग आहे. आणि पुस्तकं वाचली की लायसन्स मिळतं, असं कुणाला सांगू नका. परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव, दोन्ही लागतं.

आजचा होमवर्क: सीएआर-६६ चा अभ्यासक्रम डाउनलोड करा, एक कॅटेगरी निवडा आणि तिला लागणाऱ्या मॉड्यूलची यादी वहीत लिहा. तीच तुमची खरेदीची यादी.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!