बर्फावरील ट्रॅक्टर व चाकांच्या साखळ्या

उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशात घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची खासगी वाट हिवाळ्यात पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने मोकळी केली जाते. शेतात नांगर सहज ओढणारे हे यंत्र गोठलेल्या चढावर मात्र जागच्या जागी चाके फिरवीत राहते. याचे कारण इंजिनाची दुर्बलता नसून चाक व भूमी यांमधील अपुरे घर्षण हे होय.

कोरड्या काँक्रीटवर रबराचा घर्षणगुणांक सुमारे ०.७ असतो, बर्फावर तो ०.१ च्या आसपास उतरतो. केवळ मागील चाके चालविणाऱ्या ट्रॅक्टरचा दोन-तृतीयांश भार त्या चाकांवर आहे असे मानल्यास, स्थूलमानाने १५ फुटांस १ फूट एवढा चढही त्यास दुस्तर ठरतो. टायरचे उंच रबरी कंगोरे मऊ मातीत रुततात, कठीण बर्फात नाही. साखळीच्या पोलादी कड्या अल्प क्षेत्रावर भार एकवटून बर्फात रुततात. त्यामुळे पृष्ठघर्षणाच्या जोडीला बर्फाचा कर्तनरोधही उपयोगी पडतो. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांना अशा साखळीचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले.

तथापि शिडीच्या आकाराची साखळी बाजूस होणारी घसरण फारशी रोखीत नाही. पुढील चाके उघडी असल्यास वळणावर सुकाणू निष्प्रभ ठरू शकते. शिवाय पुढील फावड्यात बर्फ उचलताच मागील चाकांवरील भार घटतो. म्हणून मागे वजन जोडणे इष्ट असते. साखळीच्या बळावर चढलेला उतार खाली येताना मंद गतीनेच उतरावा लागतो.