पित्तनलिकेतील मोठे व अवघड खडे : दुर्बिणीद्वारे उपचारांचे स्वरूप

प्रस्तावना

‘पित्ताचे खडे’ हा शब्दप्रयोग मराठीत काहीसा सैलपणे वापरला जातो. पित्ताशयातील खडा आणि तेथून निसटून पित्तनलिकेत उतरलेला खडा, या दोहोंचे धोके व उपचार भिन्न आहेत. पित्ताशयातील खडे वर्षानुवर्षे त्रास न देता राहू शकतात. नलिकेतील खडा मात्र यकृताकडून आतड्याकडे येणारे पित्त अडवू शकतो. त्यातून कावीळ, थंडी वाजून ताप व पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग उद्भवतो. संसर्ग रक्तात पसरल्यास जिवावर बेतते. पित्ताशय काढून टाकल्यानंतरही नलिकेत खडा मागे राहू शकतो, ही बाब सुशिक्षित कुटुंबांनाही अनपेक्षित वाटते. प्रस्तुत लेखात सहज न निघणाऱ्या खड्यांवरील दुर्बिणीच्या उपचारांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकत्र येऊन लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, उघडतात. त्या मुखाशी एक वर्तुळाकार स्नायू असतो. १९६८ साली अमेरिकेत मॅक्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून या मुखात बारीक नळी सरकविल्याचे प्रसिद्ध केले. नळीतून रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली नलिका पाहण्याची ही पद्धत पुढे ‘ईआरसीपी’ म्हणून रूढ झाली. १९७४ मध्ये जपानमध्ये कावाई आणि जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी स्वतंत्रपणे, विद्युत्तारेने हा स्नायू छेदून खडे काढण्याचा मार्ग दाखविला. निदानाची पद्धत अशा रीतीने उपचाराची झाली. या छेदानंतर फुगा किंवा तारेची जाळी वापरून सुमारे ८५ ते ९० टक्के रुग्णांतील खडे निघतात. खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे.

खडा अवघड केव्हा?

१५ मिलिमीटरहून मोठा खडा सामान्यतः अवघड मानतात. खड्यांची संख्या, नळकांड्यासारखा आकार, यकृतातील स्थान, पूर्वी झालेली जठराची शस्त्रक्रिया हीही कारणे आहेत. मात्र केवळ मापावर विसंबणे दिशाभूल करणारे ठरते. रुंद नलिकेतील १६ मिलिमीटरचा खडा निघू शकतो आणि खालचा भाग अरुंद असल्यास १२ मिलिमीटरचाही अडतो. खडा, नलिका व मुख या तिघांचे परस्परप्रमाण येथे निर्णायक असते.

मुख रुंद करावे की खडा फोडावा?

छेद हवा तेवढा वाढविता येत नाही. मर्यादेपलीकडे गेल्यास रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडते. म्हणून छेदाऐवजी फुग्याने मुख ताणण्याची कल्पना १९८० च्या दशकात पुढे आली. स्नायू शाबूत राहत असल्याने ती आकर्षक होती. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात, केवळ फुगा वापरलेल्या गटात स्वादुपिंडदाह १५.४ टक्के, तर छेद दिलेल्या गटात ०.८ टक्के आढळला. फुग्याच्या गटात दोन मृत्यूही झाले. मुखाशी आलेली सूज स्वादुपिंडाच्या स्रावाची वाट अडवते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या धक्क्यानंतरही फुगा बाद झाला नाही, हे लक्षणीय आहे. २००३ मध्ये तुर्कस्तानातील एर्सोझ व सहकाऱ्यांनी आधी छेद आणि मग १२ ते २० मिलिमीटरचा मोठा फुगा, असा क्रम मांडला होता. छेदामुळे ताण स्वादुपिंडाच्या नलिकेपासून दूर वळतो, असे मानले जाते. फुगा नलिकेच्या रुंदीहून मोठा नसावा व तो सावकाश फुगवावा, ही त्यातील शिस्त. क्ष-किरणांखाली फुग्याची आवळलेली ‘कंबर’ दाब वाढवूनही सुटत नसेल, तर नलिका तेथे आकसलेली आहे असे समजून थांबावे लागते. युरोपीय एंडोस्कोपी संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अवघड खड्यांसाठी मर्यादित छेद व मोठा फुगा हाच पहिला पर्याय सुचविला आहे.

हे पुरेसे न ठरल्यास खडा फोडतात. यांत्रिक पद्धतीत जाळीत पकडलेला खडा धातूच्या आवरणनळीवर आवळून चिरडला जातो. जाळी खड्यासह अडकणे किंवा तार तुटणे हा यातील कटू प्रसंग होय. अलीकडे नलिकेतच बारीक दुर्बीण नेऊन, खडा प्रत्यक्ष पाहत लेसरने अथवा विद्युत्ठिणगीच्या आघातलहरीने तो फोडतात. ही साधने महाग आहेत आणि सर्वत्र उपलब्ध नाहीत.

थांबण्याचा निर्णय

रुग्ण वृद्ध असेल, संसर्ग तीव्र असेल किंवा वेळ फार लागला असेल, तर खडा तसाच ठेवून प्लास्टिकची नळी (स्टेंट) बसविणे शहाणपणाचे असते. याला अपयश म्हणणे योग्य नव्हे. पित्त वाहते, ताप उतरतो, आणि काही आठवड्यांनी खडे लहान झालेले किंवा फुटलेले आढळू शकतात. तथापि ही नळी कालांतराने तुंबते. म्हणून साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत ती काढावी किंवा बदलावी लागते. कावीळ उतरली, भूक परतली की घरचे निश्चिंत होतात. घरी जाताना मिळालेल्या कागदावर नळीची नोंद इंग्रजी संक्षेपात असते आणि ती कोणी वाचत नाही. विसरलेल्या नळीमुळे तोच संसर्ग, कधी अधिक तीव्रतेने, परत येतो. नळी बसविल्याची तारीख व ती काढण्याची तारीख रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून देणे हा त्यामुळे उपचाराचाच भाग ठरतो.